घोटभर पाणी

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेली नाही. बायकोला सांगितली नाही, मुलांना नाही, आणि देवीपुढं हात जोडून उभा असताना मनातल्या मनातसुद्धा नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. जे ओळखतात त्यांच्यासाठी मी ‘पळणारे मास्तर’ आहे. शाळेत उभा जन्म मी कवायत शिकवली. माझ्या हाताखालची पोरं जिल्ह्याला पळाली, काही त्याच्याही पुढं गेली. पळता पळता त्यांना मी पाणी प्यायला लावायचो. दुसरे मास्तर पोरांच्या हातातला तांब्या हिसकून घ्यायचे, त्या काळातली ही गोष्ट आहे. लोक म्हणायचे, मास्तर काळाच्या पुढं आहेत. मी हसायचो.

त्या हसण्यामागं काय होतं तेच सांगायचंय. पण थांबा — एकदम नाही जमायचं. आधी अंबादास सांगावा लागेल.

अंबादास माझ्या गल्लीतला, माझ्याच वयाचा. आमचं गाव तामलवाडी, तुळजापूरहून सोलापूरला जाणाऱ्या रस्त्यावरचं. त्याचा बाप तो रांगत असतानाच गेला. आई आराधीण होती — गळ्यात कवड्यांची माळ घालून दर मंगळवारी पाच घरी जोगवा मागायची, बाकीचे दिवस दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची. आम्ही तिला चंद्राकाकू म्हणायचो. अंबादास पळायचा कसा, हे मला नीट सांगता येणार नाही. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. सुटलेल्या खोंडामागं पळता पळता तो शिकला, आणि पुढं पुढं तर खोंड दमून उभं राहायचं आणि हा त्याच्या पुढ्यात उभा असायचा, हसत. मी त्याच्या मागं पळायचो. लहानपणापासून मी त्याची पाठच बघत आलो. तुम्हाला हे साधं वाक्य वाटेल. मला ते जेवताना, झोपताना टोचायचं. बाहेरून मात्र आमची जोडी घट्ट. एका ताटात जेवायचो.

निजामाचं राज्य जाऊन दहाएक वर्षं झाली असतील. सोलापूरच्या एका मंडळानं तुळजापूर ते सोलापूरची वेस अशी शर्यत ठेवली. सव्वीस मैल. पत्रकावर ‘मॅरेथॉन’ असा शब्द होता, तो गावात कुणाला धड म्हणता येईना. पहिल्याला चांदीची ढाल होती. आणि हेडमास्तर बोलून गेले होते की शाळेत कवायतीला माणूस हवाय, शर्यत मारणारा आपल्याकडचा निघाला तर दुसरीकडं बघायचं कारण नाही. अंबादास चौथीपर्यंत शिकलेला, मी मॅट्रिक. नोकरी त्याला तशीही मिळाली नसती, आणि तो माझ्या पुढं आला असता तर मलाही मिळाली नसती. हे गणित मी तेव्हाच मांडलं होतं का? — मांडलं होतं.

आम्हाला तयार करायचं वस्तादांनी मनावर घेतलं. ते जुने पलटणीतले, तालमीचे वस्ताद, बोलण्यात अर्धं दख्खनी. त्यांच्या मते सगळा खेळ दमाचा. दम एकदम वाढत नाही, तो भाकरीसारखा थापत थापत वाढवावा लागतो. पहिल्या आठवड्यात शिवेवरच्या वडापर्यंत जाऊन यायचं, मग पुढच्या ओढ्यापर्यंत, मग त्याच्या पुढच्या वस्तीपर्यंत. एक दिवस लांब, दुसऱ्या दिवशी नुसतं चालणं आणि पायाला तेल. मंगळवारी सगळ्यात लांबचा पल्ला — थेट तुळजापूरच्या घाटाच्या पायथ्यापर्यंत. डांबरावर टाचा फुटायच्या म्हणून कडेच्या मातीतून पळायचो. परत आलो की भिजवलेले शेंगदाणे, गूळ, धारोष्ण दूध. दोन महिन्यांत आमच्या पोटऱ्या बाभळीच्या लाकडासारख्या झाल्या.

आणि वस्तादांचा एक कायदा होता. पळताना पाणी प्यायचं नाही. घामेजल्या अंगानं पाणी प्यालं की ते छातीला लागतं, पोटात डचमळतं, गडी कायमचा जायबंदी होतो. हे वस्तादांचं एकट्याचं वेड नव्हतं बरं का. माझी आजी तेच सांगायची, गावातला वैद्य तेच सांगायचा. शेतातून आलेल्या बैलालाही आम्ही घाम सुकेपर्यंत हौदावर नेत नसू. तहान फारच लागली तर जिभेखाली गुळगुळीत खडा धरायचा, लाळ सुटते. आम्ही दोघं खडा धरून पळायचो. वस्तादांना मी कधी दोष दिला नाही. त्यांना जे ठाऊक होतं ते त्यांनी सांगितलं. मला त्याहून जास्त ठाऊक झालं — तिथं गोष्ट फिरली.

एका मंगळवारी परतीच्या वाटेवर माझं अवसान गळालं. अंबादास बराच पुढं, ठिपक्याएवढा. मी मनाशी म्हटलं, झालं, आता नाही पळायचं, शर्यतही नको. रस्त्यापासून आत चिंचांच्या मागं एक जुनी बारव होती. पायऱ्या उतरलो, खडा थुंकला आणि ओंजळीनं पाणी प्यालो. सोडूनच द्यायचंय तर छातीला लागलं काय न् नाही लागलं काय! पायरीवर बसलो, मरायची वाट बघत बसलो म्हणा ना. आणि काय झालं माहितीय? — डोकं साफ झालं. पाय हलके झाले. घरी जायचंच होतं म्हणून उठून पळायला लागलो, तर मी अंबादासला वेशीवर गाठलं. त्याचा चेहरा पांढराफटक होता, ओठांना चिरा पडल्या होत्या. तो मला बघून चकित झाला. मीही झालो. धावत जाऊन वस्तादांना सांगावं, अंबादासला मिठी मारून सांगावं, असं काही माझ्या मनात आलंच नाही. पहिल्यांदा मनात आलं ते एवढंच — हे फक्त मला माहीत आहे.

त्यानंतर दर लांबच्या पल्ल्याला बारवेजवळ माझ्या पोटात कळ यायची. “तू हो पुढं,” म्हणायचो. तो भाबडा पुढं व्हायचा. मी पिऊन, तोंड कोरडं पुसून, खडा पुन्हा जिभेखाली ठेवून त्याला गाठायचो. महिनाभरात गावात बोलणं सुरू झालं की आता मॅट्रिकवाला पुढं जाणार.

अंबादास भाबडा होता, खुळा नव्हता. शर्यतीच्या काही दिवस आधी त्यानं मला घरी नेलं. काकू रानात गेली होती. देवीच्या फोटोपाशी खुंटीला तिची कवड्यांची माळ होती. आमच्याकडं त्या माळेवर हात ठेवून खोटं बोलायची कुणाची छाती नव्हती. भावाभावांत बांधावरून डोकी फुटायची वेळ आली तरी माळ समोर आणली की खोटा असेल तो मान खाली घालून निघून जायचा. अंबादासनं माळ काढून दोघांच्या मध्ये ठेवली.

“खरं सांग,” तो म्हणाला. “मधी पाणी पितूस का? माजा लई जीव जातूय रं. घशात काटं येत्यात. तू पीत असशील तर म्याबी पीन. न्हाय म्हन्लास तर म्याबी न्हाय पिनार.”

ऐकलंत ना नीट? तो मला दोष देत नव्हता. तो परवानगी मागत होता. नुसतं ‘व्हय’ म्हणायचं होतं. तो हसला असता, पाठीत एक गुद्दा घातला असता आणि दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं बारवेवर थांबलो असतो.

मी माळेवर हात ठेवला आणि म्हणालो, “आईची आन. एक थेंब न्हाय.”

त्या क्षणाचा धक्का अजून ओसरलेला नाही. हात भाजेल, वाचा जाईल, निदान कवड्या गार तरी लागतील — काहीतरी होईल असं मला खरंच वाटत होतं. काहीच झालं नाही. बाहेर कोंबडी ओरडत होती. अंबादासनं सुस्कारा टाकला, मग त्यानंही माळेवर हात ठेवला आणि शर्यत होईपर्यंत पळताना पाणी पिणार नाही अशी आण घेतली. वर मला म्हणाला, तुझ्यावर शंका घेतली, माफ कर. मी माफ केलं! लक्षात ठेवा हे. पुढं मी त्याला आणखी एकदा माफ करणार आहे.

शर्यतीचा दिवस चैत्रातला. सकाळी उजाडताच सुटायची होती, पण पाहुण्यांची मोटार वाटेत बंद पडली. ते आले ऊन चढल्यावर. मग हार झाले, मग तरुणांनी देशासाठी पळावं असं भाषण झालं, आणि आम्ही सुटलो तेव्हा डांबर मऊ पडायला लागलं होतं. घाट उतरेपर्यंत तीसचाळीस जण होते, खाली आल्यावर पुढं आम्ही दोघंच. मंडळानं वाटेत दोन-तीन ठिकाणी माठ ठेवले होते. आम्ही त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. बारव आली. माझ्या पोटात कळ आली. “तू हो पुढं.”

त्या दिवशी मी पोट भरून प्यालो. डोकं पाण्यात बुडवलं, मग कमरेला बांधलेल्या टॉवेलनं खसाखसा पुसलं.

तामलवाडीच्या वेशीत मी त्याला गाठलं. सगळं गाव रस्त्यावर, हलगी वाजत होती. चंद्राकाकू तांब्या घेऊन पुढं आली. मी तिच्या अलीकडच्या बाजूला होतो, म्हणून तांब्या आधी माझ्यापुढं आला. मी काय करावं? — मी हात उंच करून नको म्हटलं. सगळ्यांना दिसेल असं. लोकांनी आरोळी ठोकली. अंबादासनं माझ्याकडं बघितलं, तांब्याकडं बघितलं आणि त्यानंही हातानं नको म्हटलं. काकूला राहवलं नाही. तिनं ओंजळभर पाणी त्याच्या तोंडावर मारलं आणि आम्ही पुढं गेलो.

गावापुढं उजाड माळ आहे. सावलीला झाड नाही. तिथं मला दिसलं की अंबादासच्या अंगावर घाम नाही. सदरा कोरडा, त्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा. कातडी लालभडक. त्याचे पाय एकमेकांत अडकायला लागले आणि तो मला म्हणाला, “गाव कुटं गेलं रं?” गाव आमच्या पाठीमागं होतं. हलगीचा आवाज अजून ऐकू येत होता.

मला कळलं. काय झालंय हे अगदी सगळं मला कळलं, आणि मी पाय उचलले.

मागं पडल्याचा आवाज आला. मी वळून बघितलं नाही. — नाही, हेही खोटं. वळून बघितलं. अंबादास गुडघ्यावर बसला होता आणि रस्त्याकडेची माती ओंजळीत घेऊन तोंडाशी नेत होता. सावकाश, सांडू नये अशा बेतानं. ते बघून मी पुन्हा पुढं तोंड केलं. थोड्या अंतरावर माठाशी मंडळाची दोन पोरं बसली होती. त्यांना नुसतं बोट दाखवून सांगितलं असतं तरी ती धावली असती. त्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मी हात हलवला.

मी पहिला आलो. ढाल मिळाली, फोटो निघाला. अंबादासला एका कडब्याच्या ट्रकवाल्यानं उचलून सोलापूरच्या दवाखान्यात टाकलं, हे मला गळ्यात हार असताना कळलं. किती तरी दिवस तो शुद्धीवर नव्हता. डॉक्टर म्हणाले, ऊन मेंदूला लागलंय, अंगात पाण्याचा टिपूस उरला नव्हता. घरी आला तेव्हा तो जिवंत होता, बस्स. चालताना झोकांड्या जायच्या. जीभ जड झाली, शब्द एकमेकांवर पडायचे. घास तोंडात न जाता गालाला लागायचा. बाजारात नवखे लोक हसायचे, सकाळी सकाळीच लावून आलाय म्हणायचे. तालुक्यात ज्याच्यासारखा पळणारा नव्हता त्याला न्हाणीपर्यंत जायला भिंत धरावी लागायची. मला शाळेत नोकरी लागली.

तुम्हाला वाटेल, मोठा गुन्हा इथं संपला. मलाही तसंच वाटत होतं. खोटी आण घेतली, मित्राला टाकून पळालो — माणसाला जन्मभर पुरेल एवढं आहे ते. पण खरं सांगायचंय ते याच्या पुढचं आहे.

पावसाळ्याच्या तोंडाला एकदा अंबादासनं मला तालमीच्या कट्ट्यावर बोलावून घेतलं. आता बोलणार, असं मला वाटलं. त्याला कळलंय. आणि खोटं कशाला बोलू, आत कुठंतरी सुटल्यासारखं झालं. तो बराच वेळ जुळवाजुळव करत होता. मग रडायलाच लागला.

“म्या आन मोडली,” तो म्हणाला. “आईनं तोंडावर पानी मारलं ना, त्यातलं घोटभर तोंडात गेलं. थुकायला पायजे हुतं. म्या गिळलं. मुद्दाम गिळलं. म्हून देवीनं असं केलं. तू पाळलीस, तुला दिलं.”

मी काही बोलायच्या आत त्यानं माझा हात धरला. “आईला सांगू नगं. तिनं पानी मारलं म्हून झालं, असं वाटंल तिला.”

कानात हलगी वाजायला लागली. समोर बसलेल्या माणसाला घोटभर पाण्याचा गुन्हा खात होता, आणि माझ्या पोटात तर बारव होती. कट्ट्यावर दुसरं कुणी नव्हतं. याहून सोपी वेळ देवानं कुणाला दिली असेल का?

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “जाऊ दे. झालं गेलं. म्या कुनाला सांगत न्हाय.”

मी त्याला माफ केलं. कळतंय का तुम्हाला? मी — त्याला. आणि त्यानं वाकून माझ्या पायाला हात लावला. वाकताना तोल गेला, तर मीच सावरलं.

त्यानंतर दर चैत्रात तो तुळजापूरला जाऊन लोटांगण घालायचा. ओल्या धोतरानं, त्या वेड्यावाकड्या अंगानं फरशीवर लोळत देवळाला फेरा. अंग सरळ लोळायचं नाही, खांबाला जाऊन धडकायचं. कोपरं सोलवटायची. काकूला वाटायचं, बरं व्हावं म्हणून करतोय. मी त्याचं कोरडं धोतर हातावर घेऊन शेजारून चालायचो. लोक म्हणायचे, मित्र असावा तर असा. दर वर्षी एकदा, आणि मी एकही वर्ष चुकवलं नाही. का जात होतो? नजर ठेवायला? प्रायश्चित्त म्हणून? मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. जे उत्तर येतं ते मला पटत नाही.

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील, भादव्यात अंबादासला ताप आला. अंगात झुंजायला काही उरलंच नव्हतं. काकूनं मला शाळेतून बोलावून घेतलं. दुपार होती. घरात चार बायका, दाराशी दोघं-तिघं म्हातारे. तो भिंतीकडं तोंड करून पडला होता, ओठ तसेच चिरा पडलेले. काकू चमच्यानं पाणी घालत होती आणि तो ओठ उघडत नव्हता. सकाळपासून घेईना, ती म्हणाली, तू सांगून बघ.

मी जवळ बसलो. अंबादासनं डोळे उघडले. मला ओळखलं. मग चमच्याकडं बघितलं आणि परत माझ्याकडं. त्या वेशीत बघितलं होतं अगदी तसंच.

“पिऊ का?” त्यानं मला विचारलं.

तापात तो पळतच होता हो! त्याची शर्यत अजून संपली नव्हती. त्याच्या लेखी ती माळ अजून आमच्या दोघांच्या मध्ये पडलेली होती, आणि मी पीत नव्हतो.

मी पाच वाक्यं बोलू शकलो असतो. त्याला ऐकू येत होतं, कळत होतं. घरातल्या बायकांनीही ऐकलं असतं, काकूनं ऐकलं असतं. मी म्हणालो, “पी.”

त्यानं तोंड उघडलं. दोन चमचे प्याला. तिसरा गालावरून खाली आला.

काकू रडता रडता म्हणाली, “तुज्या शब्दावर प्यालं बघ लेकरू.” मी मान हलवली. बायकांनी जागा करून दिली तसा उठलो आणि मागच्या अंगणात आलो. तिथं त्यांचा रांजण होता, वर तांब्या पालथा घातलेला. मला तहान लागली होती. मी तांब्या भरून घेतला आणि उभ्यानं, घटाघटा, सगळं पाणी प्यालो.